नवं काय घेतलंस?

आमच्या ग्रुपमध्ये 'गुड मॉर्निंग' म्हणायची पद्धत नाही. रविवारी सकाळी सव्वासहाला, टेकडीच्या पायथ्याशी, अजून नीट उजाडलेलंही नसताना एकेक जण सायकल ढकलत येतो आणि पहिलाच प्रश्न टाकतो, "काय मग, नवं काय घेतलंस?"

मग सुरू होतं प्रदर्शन. कुणी नवे ग्लोव्हज दाखवतं, कुणी टायर. आयटीतला एक दादा मागच्या महिन्यात ड्रॉपर पोस्ट बसवून आला होता. म्हणजे हँडलवरचं बटण दाबलं आणि सीटवर भार टाकला, की सीट खाली जाते. उतार संपला, पुन्हा बटण दाबलं की वर येते. त्या दिवशी पंधरा जणांनी ती सीट खाली-वर करून पाहिली. राइड वीस मिनिटं उशिरा सुरू झाली, पण कुणाची काही तक्रार नव्हती.

तुम्ही पुण्यात राहत असाल तर हे लोक तुम्ही पाहिले असतील. वेताळ टेकडी, पाषाण-बाणेरची टेकडी, नाहीतर पानशेतकडचे कच्चे रस्ते. जाड टायरच्या सायकली, गुडघ्याला पॅड, पाठीवर पाण्याची पिशवी आणि पोटऱ्यांवर मुरमाचे ओरखडे. "एवढे पैसे घालून धडपडायला जातात," असं मनात म्हणाला असाल, तर माझी आईही तेच म्हणते. फक्त ती मनात म्हणत नाही.

दोन वर्षं या लोकांत वावरल्यावर एक गोष्ट मला कळली आहे. 'नवं काय घेतलंस' या प्रश्नाच्या पोटात दुसरा एक प्रश्न असतो. तो समजायला मला एक सायकल, एक हेल्मेट आणि एक मनगट खर्ची घालावं लागलं. म्हणून हा लेख.

तेरा हजारांची 'एमटीबी'

सेकंड इयरला असताना मी पहिली सायकल घेतली. तेरा हजार रुपये. पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग, फ्रेमवर वीज कडाडल्यासारखं डिझाइन आणि मोठ्या अक्षरात 'एमटीबी'. दुकानात ती सगळ्यात भारी दिसत होती. वजनानेही तीच सगळ्यात भारी होती, हे पहिल्या चढावर कळलं. पेडल मारलं की मागची स्प्रिंग खाली-वर व्हायची आणि पायातलं निम्मं बळ तीच खाऊन टाकायची.

स्वस्तातल्या सायकलीत मागचा शॉक बसवायचा तर पैसे कुठून तरी वाचवावे लागतात. ते वाचतात ब्रेकमधून, गिअरमधून, चाकांमधून. म्हणून बजेट कमी असेल तर फक्त पुढे सस्पेन्शन असलेली साधी हार्डटेल घ्यावी, हा ग्रुपमधला पहिला धडा. मला तो सायकल घेऊन झाल्यावर मिळाला.

पण पहिल्या दिवशी कुणी हसलं नाही, हे मात्र सांगायला हवं. ग्रुपमध्ये साठीचे एक काका आहेत. त्यांनी माझं टायर अंगठ्याने दाबून पाहिलं आणि विचारलं, "किती हवा आहे यात?" पंक्चरवाल्याने साठ पीएसआय भरून टायर दगडासारखं टणक करून दिलं होतं. मला वाटायचं, हवा जितकी जास्त तितकं चांगलं. काकांनी फुस्स करून तीसवर आणलं. टायर थोडं दबलं पाहिजे, म्हणजे ते खडी धरून ठेवतं. टणक टायर दगडावरून उडतं. त्या दिवशी त्याच सायकलवर, त्याच वाटेवर मी निम्म्याने कमी घसरले. खर्च शून्य रुपये.

(तीस हा काही मंत्र नाही. तुमचं वजन, टायरची रुंदी, ट्यूब आहे की ट्यूबलेस, यावर आकडा बदलतो. ट्यूब असताना हवा फारच कमी केली, तर दगड आणि रिम यांच्यामध्ये ट्यूब चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.)

सगळं ब्रेकपासून सुरू झालं

माउंटन बाइकिंगची गोष्ट सुरू होते ती १९७०च्या दशकात, कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत. तिथली पोरं जुन्या, जाड टायरच्या सायकली घेऊन डोंगर उतरायची. ब्रेक कुठला, तर मागच्या हबमधला, उलटं पेडल मारलं की लागणारा. उतार असा, की खाली पोचेपर्यंत तो ब्रेक तापून आतलं ग्रीस जळून जायचं. मग हब उघडून नव्याने ग्रीस भरायचं, म्हणजे 'रीपॅक' करायचं. १९७६मध्ये तिथे शर्यती सुरू झाल्या, तेव्हा त्या उताराच्या शर्यतीचं नावच 'रीपॅक' पडलं. त्याच पोरांपैकी जो ब्रीझ, गॅरी फिशर यांनी पुढे खास डोंगरासाठी सायकली बनवल्या आणि विकल्या. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा खेळ पोचला. वीस वर्षांत जळक्या ग्रीसपासून ऑलिंपिकपर्यंत!

आजही नवखा माणूस सायकल बघताना गिअर मोजतो आणि जुना माणूस ब्रेक दाबून बघतो. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतील तर एका बोटाने काम होतं आणि बाकीची बोटं हँडल धरायला मोकळी राहतात. लांब उतारावर हा फरक हातांना बरोबर कळतो.

आणि आता ग्रुपमधला सर्वात गाजलेला किस्सा. आमच्यातल्या एकाचे ब्रेक कुईं-कुईं आवाज करत होते. त्याने घरी जाऊन डिस्कवर चेनचं तेल सोडलं. आवाज गेला. ब्रेकही गेले! नशीब, पठ्ठ्याने पहिली चाचणी सोसायटीच्या पार्किंगमध्ये घेतली. तेल प्यायलेले पॅड फेकून नवे घ्यावे लागले. तेव्हापासून कुणीही कसलीही दुरुस्ती करायला बसलं, की मागून आवाज येतो, "तेल लावू का?"

हेल्मेटचं प्रकरण

गेल्या वर्षी मी तेरा हजारांची सायकल विकली, साठवलेले पैसे घातले आणि ग्रुपमधल्याच एकाची जुनी हार्डटेल घेतली. पहिला स्टायपेंड आला तेव्हा हातात अडीच हजार उरले होते. मला पिना असलेले रुंद पेडल हवे होते. बूट घट्ट बसतो, खडबडीत वाटेवर पाय निसटत नाही. हेल्मेट होतंच, मामेभावाने दिलेलं.

रविवारी पायथ्याला पोचले. "नवं काय घेतलंस?" मी ऐटीत पेडल दाखवले. सगळ्यांनी वाहवा केली. काका मात्र हेल्मेटकडे बघत होते.

"हे कुणाचं?"

"मामेभावाचं. तो एकदा पडला होता, पण हेल्मेटला काही झालं नाही. बघा ना, ओरखडासुद्धा नाही."

त्यांनी ते उलटं केलं, आतलं पॅडिंग काढलं आणि अंगठ्याने हलकेच दाबलं. थर्मोकोलसारखं जे फोम असतं, त्यात केसाएवढी बारीक चीर होती. दाबलं की उघडायची, सोडलं की मिटायची. बाहेरचं कवच एकदम चकाचक.

काका म्हणाले, "आज तू सायकलवर बसायचं नाहीस."

खरं सांगते, मला प्रचंड राग आला. पाच वाजता उठून, आईची बोलणी खाऊन आलेली मी. त्यात सगळ्यांसमोर. त्या दिवशी मी टेकडी चालत चढले, सायकल पायथ्याशी साखळीने बांधून. चालताना काका माझ्याबरोबर राहिले. स्वतःची सायकल ढकलत! त्यांनी उपदेश वगैरे काही केला नाही. फक्त एवढं सांगितलं, की ते फोम एकदाच काम करतं. आपटल्यावर ते स्वतः चिरडतं आणि डोक्यावरचा मार स्वतःवर घेतं. ते पुन्हा फुगत नाही. त्यामुळे हेल्मेट एकदा जोरात आपटलं की संपलं, दिसायला कितीही नवं असो. म्हणूनच दुसऱ्याचं, सेकंडहँड हेल्मेट घ्यायचं नाही. सायकल जुनी चालेल, पेडल जुने चालतील. हेल्मेट नाही.

पुढच्या आठवड्यात मैत्रिणीकडून उसने पैसे घेऊन मी २,२०० रुपयांचं हेल्मेट घेतलं. आत सीपीएससी आणि ईएन १०७८ या मानकांचे स्टिकर बघून, डोक्यावर घालून, पट्टा न लावता मान हलवून. सैल हेल्मेट म्हणजे टोपी.

त्यानंतर बरोबर तिसऱ्या रविवारी मी पडले.

मार्च महिना. सुटा मुरूम, वर बारीक खडी. उताराच्या वळणावर वेग जास्त वाटला आणि मी घाबरून पुढचा ब्रेक गच्च दाबला, तेही वळणात, सायकल कललेली असताना. पुढचं चाक अंगाखालून निघून गेलं. हात टेकला आणि लगेच डोकं काळ्या दगडावर. 'टक्' असा आवाज झाला. तो आवाज अजून आठवतो.

मनगट मुरगळलं, तीन आठवडे क्रेप बँडेज. डॉक्टरांनी डोकं तपासलं, दोन दिवस लक्ष ठेवायला सांगितलं, पण काही निघालं नाही. हेल्मेटच्या उजव्या बाजूला मात्र बोट जाईल एवढी भेग होती. ते दोन आठवडे माझ्या टेबलावर होतं. मग मी कात्रीने त्याचे पट्टे कापले आणि टाकून दिलं. पट्टे कापायचे कारण कचऱ्यातून उचलून उद्या कुणी ते पोराच्या डोक्यावर घालू नये.

मग चुकलं काय?

सामान सगळं ठीक होतं. चुकलं माझं. ब्रेक वळणाच्या आधी मारायचा, सायकल सरळ असताना. वळणात शिरताना तो सोडायचा. नजर चाकापुढच्या दगडावर नको, वळणाच्या पलीकडे हवी. आपण जिथे बघतो, सायकल तिथेच जाते. दगडाकडे बघितलं की दगडावरच! उतारावर सीट खाली, पेडल आडवे, टाच किंचित खाली, गुडघे-कोपरं सैल. आणि चढावर उलट. सीटच्या टोकाशी सरकायचं, छाती खाली, हलका गिअर. तो गिअर चढ लागायच्या आधी टाकायचा, चढावर कडाकडा आवाज करत नाही.

यातलं काहीही दुकानात मिळत नाही. पण या रविवारच्या गप्पांत मिळतं. नव्या फोर्कचं कौतुक करता करताच कुणीतरी दाखवतं, की तू बसल्यावर सस्पेन्शन साधारण पाव भाग दबायला हवं. ट्यूबलेसचं बोलता बोलता कळतं, की बाभळीचा काटा घुसला तर लगेच उपटायचा नाही. सीलंट त्याच्याभोवती भोक बुजवतं. आणि ते सीलंट आपल्या उन्हात दोन-तीन महिन्यांत सुकतं, पुन्हा घालावं लागतं.

टेकडी आपल्या एकट्याची नाही

एक गोष्ट मात्र विकत घेता येत नाही आणि ती सगळ्यात आधी लागते. टेकडीवर सकाळी आजी-आजोबा चालायला येतात, कुणी पक्षी बघायला येतं, कुणी झाडांना पाणी घालायला कॅन घेऊन येतं. त्यांच्या अंगावरून सायकल घालणारा एक जण पुरतो, मग आपल्या सगळ्यांना शिव्या बसतात आणि त्या बसायलाच हव्यात. चालणारा पहिला. मग चढणारा. उतरणाऱ्याने थांबायचं. पावसाळ्यात वाट चिखलाची असेल तर राइड रद्द, कारण टायरच्या चाकोरीतून पाणी वाहतं आणि माती घेऊन जातं. सायकलला मनाई असेल तिथे हुज्जत नाही.

खिशात पैसे येतील तसे

- पहिलं हेल्मेट. नवंच. मग ग्लोव्हज, कारण पडताना हात आधी टेकतो.
- मग पंप, पंक्चर किट, एक जादा ट्यूब. आणि ते वापरायला घरीच शिका, टेकडीवर नाही.
- सायकलीच्या मापाकडे बघा, रंगाकडे नाही. उंचीला साजेशी फ्रेम नसेल तर बाकी सगळं फुकट.
- मग टायर आणि ब्रेक पॅड. खर्च कमी, फरक सर्वात जास्त. नवे पॅड बसवले की सपाट रस्त्यावर वीसेक वेळा वेग घेऊन हळूहळू ब्रेक मारा, मगच उतारावर जा.
- ब्रेकमध्ये मिनरल ऑइल लागतं की डॉट फ्लुइड, ते बघूनच भरा. अदलाबदल केली तर सील खराब होतात.
- ड्रॉपर, महागडा फोर्क, कार्बन वगैरे सगळ्यात शेवटी. तोवर दुसऱ्याचं खाली-वर करून बघायला पैसे पडत नाहीत.

मनगट बरं झाल्यावर पहिल्या रविवारी मी पुन्हा पायथ्याशी गेले. काकांनी विचारलं, "काय मग, नवं काय घेतलंस?"

"हेल्मेट. परत."

त्यांनी ते हातात घेतलं, उलटं केलं, आत अंगठ्याने दाबून पाहिलं आणि माझ्या डोक्यावर ठेवलं. पट्टा स्वतः ओढून बघितला. त्या प्रश्नाच्या पोटातला दुसरा प्रश्न कोणता, ते मला तेव्हा कळलं. 'धड आहेस ना?' एवढाच तो असतो.

मैत्रिणीचे उसने पैसे अजून द्यायचे आहेत. ती हे वाचणार आहे. पुढच्या स्टायपेंडला नक्की.