पावसाळ्याआधी वॉटर स्कूटरची निगा

आमच्या करकंबच्या मुलांना पाणी म्हणजे विहीर, कॅनॉल आणि फार तर उजनी धरण. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मालवणला खालांकडे गेलो, तेव्हा अंगणातली वॉटर स्कूटर पाहून मुले हरखली. खालाजाद भाई मात्र गप्प होते. मागच्या पावसाळ्यात त्यांनी ती न धुताच ताडपत्रीखाली ठेवली. पावसाळा सरला, तर इंजिन जाम! पर्यटकांच्या फेऱ्या बुडाल्या आणि मुलीची कॉलेजची फी उसने पैसे घेऊन भरावी लागली.

थंड देशांत हिवाळ्याआधी ही तयारी करतात, कारण आत राहिलेले पाणी गोठून इंजिनला तडे जातात. आपल्याकडे बर्फाची भीती नाही. शत्रू म्हणजे खार आणि दमट हवा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा कोळी बांधवही होड्या वर ओढून डागडुजी करतात.

यंदा मिस्त्रींच्या देखरेखीखाली आम्हीही हात लावला. गोड्या पाण्याची नळी जोडली. आधी इंजिन सुरू, मग पाणी. बंद करताना आधी पाणी, मग इंजिन. हा क्रम उलटला तर पाणी इंजिनात शिरते. पेट्रोलची टाकी काठोकाठ भरून त्यात इंधन टिकवणारे औषध घातले, म्हणजे रिकाम्या जागेत ओल धरत नाही. जुने ऑइल बदलले. स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये गंजरोधक तेल फवारले. बॅटरीची आधी काळी, मग लाल वायर सोडवून ती घरात कोरड्या जागी ठेवली. महिन्यातून एकदा चार्ज करायची. तळाची बुचे काढून, पुढची बाजू उंच करून पाणी निथळू दिले. लाइफ जॅकेट धुऊन सावलीत वाळवली. शेवटी हवा खेळेल असे आच्छादन घातले.

सगळे मिळून एक दिवस गेला. खाला म्हणाल्या, "बेटा, रोजीचं साधन अमानत असतं."

घरी परतल्यावर आम्ही गोठ्यात डोकावलो. द्राक्षांच्या फवारणीचा पंप औषधाचे डाग तसेच अंगावर घेऊन कोपऱ्यात पडला होता. टाकीत थोडे पेट्रोलही शिल्लक होते. मुलांनीच बादली आणली.

तुमच्या घरीही असे एखादे यंत्र असेलच. हंगाम संपला की त्याला एक दिवस द्या.