इमानवाले नाना कुठे गेले?

खानदेशातल्या जुन्या घरांत हा किस्सा हमखास ऐकू येतो. आमचे अमुक लढाईत गेले होते. कोणी बर्मा म्हणतो, कोणी मिसर. त्यापुढे विचारले की वडीलधारी माणसे गप्प होतात, कारण त्यांनाही तेवढेच सांगितले गेलेले असते. दुसऱ्या महायुद्धात अखंड हिंदुस्थानातले सुमारे २५ लाख लोक फौजेत होते आणि त्यांतले सुमारे ८७ हजार परतले नाहीत. एवढी माणसे गेली ती कुठल्या ना कुठल्या घरातूनच गेली.

माझ्या आजोळी, यावल तालुक्यात, नानांच्या थोरल्या भावाला सगळा गाव ‘इमानवाले’ म्हणत असे. आपल्याकडे विमानाला ‘इमान’च म्हणतात. लहानपणी मला वाटे की ते फार दीनदार असावेत, म्हणून हे नाव पडले. ते बॉम्ब टाकणाऱ्या विमानावर होते आणि परत आले नाहीत, एवढीच माहिती घरात उरली होती. मोठ्या नानींनी गळ्यातली काळी पोत शेवटपर्यंत काढली नाही. घरात त्यावर कोणी बोलत नसे.

अशा माणसाचा माग काढायचा तर पहिली अडचण पत्त्याची येते. त्या काळी जळगाव किंवा धुळे नावाचा जिल्हाच नव्हता. १९०६ मध्ये खानदेशचे दोन भाग झाले. पूर्व खानदेशचे ठाणे जळगावला आणि पश्चिम खानदेशचे धुळ्याला. १९६० नंतर आजची नावे आली आणि नंदुरबार तर १९९८ मध्ये वेगळा झाला. त्यामुळे फौजी कागदांत ‘जळगाव’ शोधत बसाल तर हाती फारसे लागणार नाही. तिथे ‘ईस्ट खानदेश, बॉम्बे’ लिहिलेले असते. दुसरी अडचण नावाची. इंग्रजीत शेख हे आडनाव तीन-चार प्रकारे लिहिले जाते आणि भरतीच्या कारकुनाने ऐकले तसे लिहिले. तडवी, पिंजारी, मन्यार ही आडनावे तर कुठे लावली, कुठे गाळली. कधी नुसते नाव आणि बापाचे नाव. म्हणून बापाचे नाव आणि गाव पक्के ठाऊक असणे आडनावापेक्षा जास्त कामाचे. बिरादरीच्या रकान्यात ‘दख्खनी मुसलमान’ असे दिसले तर चक्रावू नका, फौजेत आपल्या भागातल्या मुसलमानांचा तोच वर्ग होता.

घरात पदक असेल तर ते आधी उजेडात न्या. विलायतेतल्या सैनिकांना या युद्धाची पदके कोरी मिळाली, हिंदी फौजेची मात्र नाव घालून दिली. गोल पदकाच्या कडेवर आणि ताऱ्याच्या पाठीवर नंबर, हुद्दा, नाव आणि दल बारीक अक्षरांत ठोकलेले असते. आमच्या मामींनी ते पदक वर्षानुवर्षे चिंचेने घासून लख्ख ठेवले होते, तरी कडेवरचा नंबर भिंगाखाली वाचता आला. दलाच्या जागी ‘आर.आय.ए.एफ.’ असेल तर तो वायुदलाचा माणूस. मार्च १९४५ मध्ये हिंदी वायुदलाला ‘रॉयल’ हा किताब मिळाला आणि १९५० मध्ये तो गेला, नुसते ‘आय.ए.एफ.’ असले तरी दल तेच.

आता बॉम्बच्या गोष्टीकडे येऊ. घरात ‘बॉम्ब टाकायचे’ असे सांगितले जाते, पण त्यात किती खरे, हे तपासून पाहावे. हिंदी वायुदल ८ ऑक्टोबर १९३२ ला स्थापन झाले. युद्ध सुरू झाले तेव्हा त्यात १६ अधिकारी आणि १४४ माणसे होती, संपले तेव्हा सुमारे २८,५००. साध्या शिपायाला ‘हवाई सिपाही’ म्हणत. बर्माच्या आघाडीवर ७ आणि ८ नंबरच्या स्क्वाड्रनकडे ‘व्हेंजन्स’ नावाची अमेरिकन बॉम्बफेकी विमाने होती. ती निशाण्यावर जवळजवळ सरळ खाली झेपावत. आत माणसे दोनच, पुढे वैमानिक आणि त्याच्या मागे दुसरा. पुढे पाकिस्तानच्या वायुदलाचे प्रमुख झालेले नूर खान त्या काळी हीच विमाने उडवत होते. इंग्लंडमधल्या लँकेस्टरवर मात्र सात जण असत आणि सुखटणकर आडनावाचे एक हिंदी नेव्हिगेटर त्यांत होते. आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल राहिलेले इद्रिस हसन लतीफ यांनीही तरुणपणी कराचीच्या किनारा-रक्षक तुकडीत जुनाट विमानांवरून अरबी समुद्रावर गस्त घातली होती. १९४७ मध्ये ते इथेच राहिले आणि १९७८ मध्ये भारतीय वायुदलाचे प्रमुख झाले.

पण एका विमानामागे जमिनीवर कितीतरी माणसे राबत. इंजिन पाहणारा फिटर, सांगाडा पाहणारा रिगर, बॉम्ब चढवणारा आर्मरर, वायरलेसवाला. खेड्यातून गेलेला पोरगा बहुधा यांच्यातलाच. आमचे नानाही कदाचित पाने-पेचकस घेऊन पंखाखाली उभे असतील. गावाला त्याने फरक पडत नाही. त्यांनी इमानाला हात लावला होता, गावात दुसऱ्या कोणी लावला नव्हता.

घरातल्या बायांसाठी सगळ्यात कठीण शब्द होता ‘मिसिंग’. मेला म्हणावे तर मय्यत नाही, जिवंत म्हणावे तर खत नाही. १९३९ च्या मुस्लिम विवाह विच्छेद कायद्याने पतीचा चार वर्षे ठावठिकाणा नसेल तर पत्नीला न्यायालयात जाऊन निकाहातून मोकळे होता येते. तो हुकूमही सहा महिने अमलात येत नाही आणि त्या मुदतीत पती परतला तर रद्द होतो. कायदा होता, पण यावलच्या खेड्यातून कोर्टापर्यंत कोणती बाई जाणार होती? फौजेने मृत्यू मानून तारीख ठरवली तरी तो इंग्रजी कागद घरात कोणी वाचून दाखवला, हा प्रश्न उरतोच. इद्दतीचे चार महिने दहा दिवस मृत्यूच्या दिवसापासून मोजतात. वारशाचे वाटेही त्या दिवशी कोण हयात होते यावर ठरतात. म्हणून मला नानांच्या शौर्यापेक्षा ती एक तारीख हवी आहे.

तारीख मिळण्याची जागा म्हणजे राष्ट्रकुल युद्ध-कबर आयोगाची यादी. ती कोणालाही फुकट पाहता येते. आशियातल्या हवाई मोहिमांत गेलेल्या आणि कबर न सापडलेल्या वायुसैनिकांची नावे सिंगापूरला क्रांजीच्या स्मारकावर कोरली आहेत. बर्मात हरवलेल्या पायदळाची नावे रंगूनजवळ तौक्यानला आहेत. ज्यांची मय्यत सापडली त्या मुस्लिम सैनिकांपैकी काही इंफाळच्या हिंदी फौजेच्या कब्रस्तानात दफन आहेत. नोंदीत दल, नंबर, तारीख आणि पुष्कळदा बापाचे व गावाचे नाव असते.

जो जिवंत परतला त्याचे नाव या यादीत येणार नाही. त्याच्यासाठी जळगाव किंवा धुळ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा; महायुद्धातल्या माजी सैनिकांना आणि त्यांच्या विधवांना राज्याचे मानधन आहे, त्यामुळे तिथे जुने अर्ज असू शकतात. वायुदलाच्या शिपायांच्या सेवानोंदींसाठी दिल्लीच्या वायुसेना अभिलेख कार्यालयाला लिहावे लागते. अर्जात नंबर, पूर्ण नाव, बापाचे नाव, भरतीचे साल आणि त्या काळच्या जिल्ह्याचे नाव घाला, आणि आपले नाते दाखवणारा पुरावा जोडा. नंबर असेल तर काम सोपे होते.

आमचा अर्ज पदकावरच्या नंबरासह गेला आहे. जिल्हा म्हणून मी ‘पूर्व खानदेश’ लिहिले. पोस्टातल्या मुलीने विचारले, हा कुठला जिल्हा?