क्यूआरची पाटी काढली म्हणून कर टळत नाही

जुलै २०२५ मध्ये बंगळुरूतल्या अनेक दुकानांवरचे क्यूआर कोड निघाले आणि 'यूपीआय नाही, फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. यूपीआयवरच्या जमेचे आकडे पाहून कर्नाटकच्या वाणिज्य कर विभागाने हजारो छोट्या व्यापाऱ्यांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या होत्या. हावेरीच्या एका भाजीवाल्याकडे तर २९ लाख मागितले गेले. का, तर चार वर्षांत त्याच्या खात्यावर १ कोटी ६३ लाख जमा झाले होते. ताजी भाजी मुळात जीएसटीमुक्त आहे, हे आकडे जुळवणाऱ्याच्या लक्षात आलं नसावं.

त्या गदारोळात एक समज मात्र पक्का झाला: यूपीआयच्या पैशावर कर, रोखीवर नाही.

कर विक्रीवर किंवा नफ्यावर लागतो. पैसे गल्ल्यात पडले की मोबाइलवर आले, याने फरक पडत नाही. जीएसटी नोंदणीसाठीची ४० लाखांची मर्यादा (सेवा असेल तर २० लाख) रोख आणि यूपीआय दोन्ही मिळून मोजतात. चहा-वडापावची गाडी माल विकते असं वाटतं, पण जीएसटीच्या लेखी ती रेस्टॉरंट सेवा, म्हणजे मर्यादा २० लाखच. आणि ही मर्यादा जीएसटीची आहे. 'चाळीसच्या आत आहे, मग रिटर्न कशाला?' असं म्हणणारा दोन वेगळ्या करांची खिचडी करतो.

प्राप्तिकरात तर चित्र उलटंच आहे. १९६१ च्या कायद्याच्या कलम ४४एडीखाली छोट्या व्यापाऱ्याला नफा अंदाजाने दाखवता येतो: रोख विक्रीवर किमान ८ टक्के, बँकेतून किंवा यूपीआयने आलेल्या विक्रीवर ६ टक्के. ही सवलत २०१७ च्या वित्त कायद्याने आली. समजा, एका किराणा दुकानाची वर्षाची विक्री ३६ लाख, त्यातले ३० लाख यूपीआयचे. उत्पन्न धरलं जाईल १ लाख ८० हजार अधिक ४८ हजार, म्हणजे २ लाख २८ हजार. सगळी विक्री रोख असती तर २ लाख ८८ हजार. रोखीची पाटी लावणारा स्वतःचाच करपात्र आकडा फुगवतो! अर्थात, प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर तो जास्तच दाखवायचा. ६ टक्के हा तळ आहे, छत नाही.

उधारीचं काय? मार्चमध्ये वहीत मांडलेली उधारी गिऱ्हाइकाने मे महिन्यात फोनवरून चुकती केली, तरी रिटर्नच्या मुदतीआधी पैसे आले असतील तर त्या विक्रीला ६ टक्क्यांचाच दर लागतो. हा बारकावा अनेकांना ठाऊक नसतो.

दुसरं टोक म्हणजे खात्यात आलेला प्रत्येक रुपया विक्री समजणं. मेहुण्याने परत केलेले हातउसने, बायकोच्या खात्यातून भाड्यासाठी आलेले पैसे, भिशीची रक्कम, यातलं काहीही विक्री नाही. पण दुकानाचा क्यूआर घरच्याच बचत खात्याला जोडलेला असेल, तर तीन वर्षांनी हे निवडून दाखवायचं कसं? धंद्याचं खातं वेगळं ठेवणं एवढाच यावरचा स्वस्त उपाय.

सर्वांत जास्त घोळ होतो तो घरपोच जेवण पोचवणाऱ्या ॲपांवरच्या विक्रीत. ५०० रुपयांच्या ऑर्डरीतून ॲपने १२० कापले आणि ३८० जमा केले, तर खानावळवाला ३८० ही विक्री धरतो. कंपनी मात्र उद्गम कर ५०० वर कापते (ऑक्टोबर २०२४ पासून ०.१ टक्के) आणि तोच आकडा एआयएसमध्ये, म्हणजे प्राप्तिकर विभागाच्या वार्षिक माहिती पत्रकात, उमटतो. रिटर्नमध्ये ५०० च दाखवायचे. हिशेबाच्या वह्या ठेवणाऱ्याला १२० खर्चात टाकता येतात. ४४एडीवाल्याला ते वेगळे मागता येत नाहीत, कारण अंदाजी नफ्यात सगळे खर्च आधीच वजा धरलेले असतात. कापलेला ५० पैशांचा कर मात्र दोघांनाही रिटर्नमध्ये वळता करून घेता येतो.