उपडं मडकं, गुलाबी गाठ

पोपटी लावायची तर मडकं उपडं ठेवायचं. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे पटतच नाही. मडक्यात आधी भांबुर्डीचा पाला, त्यावर खडेमीठ आणि ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, मध्ये अंडी, बटाटे, मसाला लावून केळीच्या पानात गुंडाळलेली कोंबडी, वर पुन्हा शेंगा आणि तोंडाशी पाल्याचाच गच्च बोळा. मग ते जड मडकं दोघांनी उचलून तोंड जमिनीकडे करून टेकवायचं, भोवती पेंढा, गोवऱ्या, वाळक्या काटक्या रचायच्या आणि पेटवून द्यायचं. पाण्याचा थेंब नाही, तेलाचाही नाही. अर्ध्यापाऊण तासानं मडक्यावर पाण्याचा शिंतोडा मारतात. चर्र करून थेंब जागच्या जागी उडाला की जाळ बाजूला करतात.

उपडं का, हे मी लहानपणी बरंच विचारलं आणि प्रत्येक वेळी ‘तसंच असतं’ हेच ऐकलं. कारण अगदी सोपं आहे. कोवळ्या शेंगेत पाणी भरपूर असतं, आचेनं त्याची वाफ होते आणि वाफ वर जाते. वर असतो मडक्याचा बंद तळ, तेव्हा तिला जायला वाट नाही. मडकं सरळ ठेवलं असतं तर वाफ बोळ्यातून निघून गेली असती आणि खालच्या शेंगा करपल्या असत्या. म्हणजे हा बिनपाण्याचा, बिनशिटीचा कुकर. आमच्या रायगडच्या उत्तरेला वलसाडकडचे लोकही मडकं असंच उपडं घालून कंद आणि शेंगा शिजवतात. गुजरातीत ‘उंधुं’ म्हणजे उपडं, आणि उंधियुं हे नाव त्यावरूनच पडलं.

जानेवारी उजाडला की रायगडात, अलिबाग, पेण, रोहा, माणगावकडे, शनिवारी रात्री शेताशेतांतून हे जाळ दिसतात. भोवती बसलेली बहुतेक मंडळी विशी-तिशीतली. आठवडाभर पनवेल-नवी मुंबईला नोकरी करणारी आणि हापिसातल्या चार मित्रांना ‘चल, आमच्याकडची गंमत दाखवतो’ म्हणून घेऊन आलेली. माझा भाचा त्यांतलाच. दोन वर्षांपूर्वी त्याच्या एका शहरी मैत्रिणीनं शेंगा सोलता सोलता विचारलं, “हे सगळं कुठून मागवलं?” भाच्यानं हातातल्या बॅटरीचा झोत नुसता गोल फिरवला. शेंगा समोरच्या खाचरातल्या. पेंढा त्याच खाचरात दिवाळीआधी कापलेल्या भाताचा. भांबुर्डी बांधावरची, तिला कोणी पेरत नाही, उलट तण म्हणून उपटून टाकतात. मीठ जिल्ह्यातल्याच मिठागराचं. एकटा बटाटा तेवढा घाटावरून आलेला पाहुणा.

त्या रात्री मलाच एक प्रश्न पडला, जो इतकी वर्षं पडायला हवा होता आणि पडला नव्हता. भात निघाल्यावर ते खाचर बघा: पाणी आटलेलं, चिखल घट्ट होत चाललेला, पुढे पाऊस थेट जूनमध्ये. नोव्हेंबरात जमिनीत जी ओल उरलेली असते तिच्यावर वाल टोकतात आणि नंतर त्याच्याकडे जवळजवळ बघतही नाहीत. पाणी देत नाहीत, खत तर नाहीच. तरी दोन-अडीच महिन्यांत हिरवागार वेल आणि शेंगांचे घोस. हा खातो काय?

ओलीचं उत्तर मुळात आहे. वालाचं सोटमूळ खोल जातं, वरची माती तडकली तरी खाली त्याला ओल सापडत राहते. शिवाय गावठी वालाला दिवसाची लांबी कळते. दिवस लहान होऊ लागले की तो फुलावर येतो. जूनमध्ये पेरलात तर वेल माजेल, फूल मात्र आपल्या वेळेलाच देईल. पोपटी थंडीतच का, तर तारीख वालानं ठरवलीय म्हणून. घड्याळ त्याच्या पानात आहे.

पण नुसत्या पाण्यावर प्रथिनं होत नाहीत, आणि वालाचा दाणा तर प्रथिनांनी भरलेला. प्रथिनाला नत्र लागतं. दुसऱ्या दिवशी सकाळी भाच्यानं कडेचं एक झाड खुरप्यानं खालून सैल करून अलगद काढलं आणि मूळ बादलीत धुतलं. मुळांवर ज्वारीच्या दाण्याएवढ्या गाठी. रोग वाटावा अशाच. त्यानं एक गाठ नखानं चिरली आणि दचकून म्हणाला, “मामा, आतून रक्तासारखी लाल आहे ही!”

खरंच होती. मांसासारखी गुलाबी, ओलसर. आणि ‘रक्तासारखी’ हा शब्द नुसता उपमेचा नाही. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचंच एक दूरचं भावंड त्या गाठीत असतं: तसंच लोह असलेलं, तसाच प्राणवायू धरणारं. त्याला लेगहिमोग्लोबिन म्हणतात. १९३९ मध्ये कुबो या जपानी शास्त्रज्ञानं ते ओळखलं. रक्त नसलेल्या वनस्पतीला रक्तातला पदार्थ कशाला हवा?

त्यासाठी आधी थळला जाऊन यावं लागेल. अलिबागेजवळ थळला राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा मोठा कारखाना आहे, १९८०च्या दशकात सुरू झालेला. तिथं नैसर्गिक वायू आणि हवा वापरून अमोनिया करतात आणि अमोनियापासून युरिया. आपल्याभोवतीच्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आहे, म्हणजे पिकं नत्राच्या समुद्रात बुडालेलीच असतात. पण नायट्रोजनचे दोन अणू एकमेकांना तिहेरी मिठी मारून बसलेले असतात आणि ती सुटल्याशिवाय झाडाला त्यांचा काडीचा उपयोग नाही. ती सोडवायची युक्ती फ्रिट्झ हाबरनं १९०९ मध्ये प्रयोगशाळेत दाखवली, आणि कार्ल बॉशनं १९१३ मध्ये जर्मनीत ओपाऊ इथं तिचा कारखाना उभा केला. अशा कारखान्यांत आजही साधारण ४०० ते ५०० अंश तापमान आणि हवेच्या दाबाच्या शेकडोपट दाब लागतो. जाडजूड पोलादी मनोरे, आणि वायू जळतोच आहे.

तेच काम वालाच्या मुळावरची ज्वारीएवढी गाठ करते. गार मातीत, साध्या दाबाला, आवाज न करता. एकाच तालुक्यात, एकाच हवेतून नत्र काढणारे दोन कारखाने आहेत आणि दुसऱ्याला फाटक नाही, भोंगाही नाही. हे कळल्यापासून थळवरून जाताना मी बाहेर भाताच्या खाचरांकडे जास्त बघतो.

गाठीतले कामगार म्हणजे सूक्ष्म जिवाणू. हे ठाऊक व्हायला एकोणिसावं शतक संपत आलं होतं. जर्मनीत हेलरीगेल आणि विलफार्ट यांनी वाळूच्या कुंड्यांत ओट आणि वाटाणे लावले. ओट नत्र द्यावं तेवढेच वाढले. वाटाण्यांचं मात्र काही कळेना: काही उपाशी मेले, काही नत्र न देताही झोकात वाढले. फरक होता मातीतल्या जिवांचा. माती तापवून ते मारले की वाटाणे उपाशी. १८८६ मध्ये त्यांनी हे जाहीर केलं आणि १८८८ मध्ये हॉलंडमधल्या बायजेरिंकनं तो जिवाणू वेगळा काढून वाढवून दाखवला. आपल्याकडच्या शेतकऱ्याला जिवाणू ठाऊक नव्हता, पण आधीच्या पिकानं जमिनीत मागे ठेवलेल्या कसाला त्याच्याकडे शब्द होता: बेवड. ‘हरभऱ्याचा बेवड आहे, यंदा पीक चांगलं येईल’ हे वाक्य सूक्ष्मदर्शकाशिवाय घडलेलं आहे.

झाड आणि जिवाणू एकमेकांना शोधतात कसे, हे तर थेट स्थळ बघण्यासारखं. मूळ मातीत काही रंगद्रव्यांच्या कुळातले पदार्थ सोडतं. ते योग्य जातीच्या जिवाणूला कळतात आणि तो उलट निरोप म्हणून आपलं एक रसायन पाठवतो. ते पटलं तर मुळावरचा केसाएवढा तंतू टोकाशी वळतो, आकड्यासारखा, आणि जिवाणूला कवेत घेतो. मग आत एक नळी तयार होते, तिच्यातून जिवाणू मुळाच्या पेशींत पोचतात आणि तिथं गाठ धरते. झाड त्यांना साखर पुरवतं, ते झाडाला नत्र देतात.

आता त्या लालीकडे येऊ. नायट्रोजनची मिठी सोडवणारं जिवाणूंचं विकर, नायट्रोजिनेज, प्राणवायू लागला की निकामी होतं. पण जिवाणूंना श्वास घ्यायला प्राणवायू तर हवाच. कोंडी! ती सोडवायला झाड गाठीत लेगहिमोग्लोबिन भरतं. ते प्राणवायूचा कण अन् कण धरून ठेवतं आणि मोजून-मापून जिवाणूंच्या हाती देतं. श्वास चालतो, विकर वाचतं. म्हणून गाठ चिरून बघणं ही शेतकऱ्याच्या हातातली फुकट तपासणी आहे. आतून गुलाबी-लाल असेल तर कारखाना चालू. पांढरी असेल तर एक तर कोवळी, नाही तर रिकामटेकडी. हिरवट-तपकिरी झाली तर निवृत्त.

रिकामटेकड्यांचंही झाड बघून घेतं. २००३ मध्ये टोबी किअर्स आणि सहकाऱ्यांनी सोयाबीनच्या काही गाठींभोवतीच्या हवेतला नायट्रोजनच काढून घेतला, म्हणजे आतल्या जिवाणूंना काम करताच येईना. झाडाला तेवढंच दिसलं की पगार चालू आहे पण माल येत नाही. त्यानं त्या गाठींचा प्राणवायू आवळला आणि त्यांतल्या जिवाणूंची पैदास घटली. इतका कडक मुकादम आमच्या पंचक्रोशीत मी पाहिलेला नाही.

आणि मी काय केलं होतं? काही वर्षांपूर्वी, जरा जास्त उत्साहात, वालाला युरिया दिला होता. वेल असा माजला की बघणारे थांबायचे. शेंगा मात्र एका मडक्यापुरत्याही धड भरल्या नाहीत. तेव्हा मी बियाण्याला नावं ठेवली. आता कळतं की मातीत तयार नत्र मिळालं की झाड गाठी धरायचं टाळतं; घरपोच शिधा आल्यावर कामगार कोण ठेवील? पान वाढवायला त्याला एवढं मिळालं की फुलाकडे लक्षच राहिलं नाही.

एक गोष्ट भाच्याच्या गावातल्या मित्रांना सांगितली तर त्यांना जरा वाईट वाटलं. वाल लावला की जमीन आपोआप सुपीक होते, असं नाही. गाठीत धरलेल्या नत्राचा मोठा वाटा दाण्यात जातो आणि तो आपण पोपटीत खातो. जमिनीला उरतात ती मुळं, गाठी आणि गळलेली पानं. तेव्हा शेंगा काढून झाल्यावर झाड उपटून बांधावर फेकलं तर बेवडही बांधावरच गेला. ही मुलं आता बुंध्याशी विळ्यानं कापतात, मुळं आत राहू देतात आणि पाला तिथंच पसरतात. जुनेजाणते म्हणतात, यात नवीन काय? नवीन इतकंच की ही मुलं का कापायचं ते सांगू शकतात.

मात्र या सगळ्या सूक्ष्म जगाहून अवघड निघाली ती गुरं. कोकणात भात निघालं की गुरं मोकळी सोडायची जुनी रीत आहे. सगळं शिवार रिकामं असताना एकट्यानं वाल टोकला तर तो गुरांनाच नैवेद्य. त्यात रानडुकरं आणि माकडं. एकामागून एक घरांनी थंडीतलं पीक सोडलं त्याला पाणी किंवा मजुरी एवढंच कारण नव्हतं; शेजाऱ्यानं सोडलं की तुमचं राखणं दुप्पट होतं. म्हणजे वाल परत आणायचा तर एका शेतात येत नाही, सलग पट्ट्यात यावा लागतो. इथं या पोरांचा मला खरा अचंबा वाटला. त्यांनी शेतीवर भाषणं केली नाहीत. पोपटीला शेंगा कमी पडल्या म्हणून नऊ घरांना लागून असलेली खाचरं एकाच आठवड्यात टोकायला लावली, कडेनं काटेरी कुंपण घातलं आणि व्हॉट्सअॅपवर राखणीच्या पाळ्या लावल्या. आपली जमीन प्लॉटिंगवाल्याला दाखवायला निघालेल्या एका काकांनी यंदा ‘एवढा वाल निघू दे’ म्हणून ते पुढे ढकललंय. पुढच्या वर्षीचं मी काही सांगत नाही.

या वेळी पोपटीनंतर भाच्यानं पाहुण्यांना बांधाकडच्या दोन ओळींतल्या शेंगांना हात लावू दिला नाही. त्या वेलावरच वाळवायच्या, दाणे काढून राख चोळून डब्यात भरायचे, ते पुढच्या नोव्हेंबरचं बी. मैत्रीण म्हणाली, मग मला मूठभर दे, गच्चीवर लावते. त्यानं बी दिलं आणि वर शेतातली एक ओंजळ मातीही पिशवीत बांधून दिली. “नुसतं बी नेलंस तर हे एकटं पडेल,” म्हणाला. “याचे कामगार मातीत आहेत.”

निखारे विझायच्या आत त्याच्या फोनवर गटाचा निरोप वाजला: उद्या रात्री राखणीला कोण? चार अंगठे आले. पाचवा त्या मैत्रिणीचा होता.