१९५२चा पराभव आणि समाजवादी
पहिल्या लोकसभा निवडणुकीत समाजवादी पक्षाला सुमारे साडेदहा टक्के मते मिळाली, जागा मात्र १२. जेमतेम सव्वातीन टक्के मतांवर कम्युनिस्टांनी १६ जिंकल्या. समाजवाद्यांची मते देशभर विखुरलेली होती आणि मतदारसंघात पहिला येतो तोच निवडून येतो. बहुतेक दोष या गणिताचा होता. मुंबईत पक्षाचे नेते अशोक मेहता आणि पक्षाशी युती केलेले डॉ. आंबेडकर दोघेही पडले, हे विशेष क्लेशदायक. मे १९५२मध्ये पचमढीला राममनोहर लोहियांच्या अध्यक्षतेखाली पक्षाचे अधिवेशन भरले. सप्टेंबरात कृपलानींच्या किसान मजदूर प्रजा पक्षाशी विलीनीकरण होऊन प्रजा समाजवादी पक्ष जन्मला. पक्षाचे नेते जयप्रकाश नारायण नंतर भूदान चळवळीकडे वळले. लोहियांनी पुढे वेगळा पक्ष काढला.