दिवसा रिकामे होणारे गाव



सकाळी पांढुर्ण्याच्या स्टेशनवर किंवा सौंसरच्या बस स्टँडवर थोडा वेळ उभे राहिले, की हातात डबा घेतलेली माणसे दिसू लागतात. आपल्याकडे त्यांना ‘अपडाऊनवाले’ म्हणतात. काही जण इथून नागपूरला जातात. काही शिक्षक आणि कर्मचारी नागपूरहून इथे येतात व संध्याकाळी परततात. नागपूर सौंसरहून सुमारे 70 आणि पांढुर्ण्याहून सुमारे 100 किलोमीटर. रस्ते रुंद झाले, छिंदवाडा-नागपूर नॅरोगेजच्या जागी ब्रॉडगेज आली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. ही ये-जा आता वाढतच जाणार. राहायचे एका गावी आणि कमवायचे दुसऱ्या गावी, अशा जगण्यातून गावाला काय मिळते आणि गावाचे काय जाते, हा आजचा विषय आहे. त्यासाठी आपण मुंबईच्या विलेपार्ल्याकडे पाहू, कारण मराठी माणसांनी हे जगणे तिथे शंभर वर्षे अनुभवले आहे.

1896 च्या प्लेगनंतर दाट वस्तीच्या मुंबईतून बाहेर पडावे, असे अनेक कुटुंबांना वाटू लागले. पश्चिमेकडची रेल्वे आधीपासून होतीच. 1928 च्या जानेवारीत कुलाबा ते बोरिवली विजेच्या गाड्या सुरू झाल्या आणि चर्चगेटपासून सुमारे 20 किलोमीटरवरचे पार्ले रोजच्या पल्ल्यात आले. उपनगर उभे राहायला लोहमार्गाइतकाच उपयोगी पडला तो पास. रोज तिकीट काढणाऱ्यापेक्षा पासवाल्याला प्रवास बराच स्वस्त पडतो. इंग्रजीतला ‘कम्युटर’ हा शब्दही अमेरिकेतल्या अशाच सवलतीच्या तिकिटावरून आला. मोकळी हवा, अंगण, दारात नारळ आणि मुंबईचा पगार, असा तो व्यवहार होता.

या व्यवहारातली किंमत मात्र पैशात दिसत नाही, ती वेळात मोजावी लागते. समजा जायला दीड तास आणि यायला दीड तास लागतो आणि वर्षात कामाचे 280 दिवस आहेत. म्हणजे 840 तास, अर्थात पूर्ण 35 दिवस. वर्षातला एक महिना आणि वर पाच दिवस माणूस फक्त गाडीत काढतो. हा वेळ जातो कुणाच्या वाट्याचा? मुलांचा अभ्यास, आईवडिलांशी गप्पा, शेजाऱ्याची अडीनडी आणि वाचनालयाची बैठक यांच्या वाट्याचा. गावातले पंचवीस ते साठ वयाचे लोक सकाळीच निघून गेले, की दिवसभर गाव म्हातारे आणि मुले सांभाळतात.

पार्लेकरांच्या हे लवकर ध्यानात आले असावे. लोकमान्य टिळकांचे निधन 1 ऑगस्ट 1920 रोजी झाले. त्यांच्या स्मरणार्थ 1921 मध्ये पार्ले टिळक विद्यालय आणि 1923 मध्ये लोकमान्य सेवा संघ सुरू झाला. त्या काळचे बरेच पार्लेकर मुंबईत नोकरी-व्यवसायाला जाणारे होते. त्यांनी आपली संध्याकाळ आणि रविवार गावाला दिला. मुले दिवसभर इथेच राहणार, तर शाळा इथेच आणि चांगली हवी. वडीलधारी इथेच असणार, तर त्यांना बसायला-बोलायला जागा आणि वाचायला पुस्तके इथेच हवीत. या विद्यालयात शिकलेल्या पु. ल. देशपांडे यांच्यासारख्या मुलांची घडण अशा गावात झाली. पगार मुंबईचा, पण जीव पार्ल्याचा, म्हणून पार्ले नुसते झोपण्यापुरते गाव राहिले नाही.

दोन गोष्टी मात्र प्रामाणिकपणे सांगायला हव्यात.

पहिली गोष्ट बायकांची. पुरुषांची संध्याकाळ सभासमितीला मोकळी राहिली, कारण घर कुणीतरी दुसरे सांभाळत होते. पुढे त्याही नोकरीला निघाल्या. 1992 मध्ये पश्चिम रेल्वेवर फक्त महिलांची लोकल सुरू झाली, यावरून त्यांची संख्या किती झाली असेल ते कळते. गाडीतच भाजी निवडणारी बाई ही मुंबईची ओळख झाली. पण घरी पोहोचल्यावरची तिची दुसरी पाळी काही कमी झाली नाही. तिच्याकडून संस्थेसाठी वेळ मागायचा, तर आधी घरातले काम वाटून घ्यावे लागते.

दुसरी गोष्ट जागेची. चांगली शाळा आणि चांगला शेजार असलेल्या गावाची जमीन महाग होते. पार्ल्यातल्या दुमजली इमारती पाडून उंच इमारती झाल्या. जुन्या घरांतल्या अनेक मुलांना त्याच पार्ल्यात घर घेणे परवडेना, तेव्हा ती बोरिवली, वसई, डोंबिवलीकडे गेली. ज्यांनी गाव राहण्यासारखे केले त्यांच्याच नातवंडांना ते महाग पडले.

आता आपल्याकडे वळू. 1 नोव्हेंबर 1956 रोजी नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आपण मध्य प्रदेशात राहिलो. बाजार, दवाखाना आणि सोयरीक यांसाठी नागपूरची वाट आपण कधी सोडली नाही. पार्लेकराच्या मराठीला शाळा, वर्तमानपत्र, दुकान आणि शेजार अशा सगळ्यांचा आधार होता. आपल्याकडे शाळा आणि कचेरी हिंदीची, मराठी मुख्यतः घरची. ही भाषा मुलाच्या कानावर पडते ती संध्याकाळी, सगळे घरी असताना. म्हणून अपडाऊनमध्ये गेलेला तास आपल्याला पार्लेकरापेक्षा महाग पडतो.

अपडाऊन थांबवा, असे मी म्हणणार नाही. पोट आहे, मुलांचे शिक्षण आहे. माझी विनंती संस्थांना आहे. वाचनालय दुपारी उघडून संध्याकाळी सहाला बंद होत असेल, तर ते नोकरदारासाठी बंदच आहे. त्याची वेळ नागपूरची गाडी आल्यानंतरची ठेवा. बैठक रविवारी घ्या. नागपूरहून रोज येणाऱ्या मास्तरांना महिन्यातून एक संध्याकाळ थांबवून घ्या, आणि त्या रात्री त्यांचे जेवण आपल्या घरी असू द्या. या व्याख्यानमालेलाही तोच नियम लावा. सुरुवात अर्धा तास उशिरा झाली तरी चालेल, पण मागच्या रांगेत डब्याची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली दहा माणसे दिसली पाहिजेत.