फाइल फक्त तिचीच का?

तिसऱ्यांदा गर्भपात झाला की घरात चर्चा तिचीच. पपई खाल्ली असेल, जड उचललं असेल, ऑफिसची दगदग नडली असेल! सोनोग्राफी, थायरॉइड, रक्ताच्या ढीगभर टेस्ट करून तिची फाइल फुगत जाते. आणि तो? ती फाइल मांडीवर घेऊन बाहेर बाकावर बसलेला.

2019 मध्ये लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या संशोधकांनी या बाकावरच्या माणसालाच तपासलं. जोडीदाराचे सलग तीन किंवा जास्त गर्भपात झालेले 50 पुरुष आणि तुलनेसाठी दुसरे 60. पहिल्या गटात शुक्राणूंमधल्या डीएनएचं नुकसान दुप्पट निघालं. अभ्यास छोटा आहे, त्यामुळे आता सगळं खापर त्याच्या डोक्यावर फोडायचं असं नाही. पण नेहमीची सिमेन टेस्ट शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार बघते. आतला डीएनए नाही. म्हणजे ‘माझा रिपोर्ट नॉर्मल आहे’ म्हणणाऱ्यानं अर्धीच परीक्षा दिलेली असते.

सिगारेट, लठ्ठपणा, वाढतं वय यांमुळे हे नुकसान वाढू शकतं. वय काही मागे नेता येत नाही, सिगारेट मात्र सोडता येते. नवे शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात.